परदेशात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवताना : वाचकांचे प्रश्न

परदेशातील शाळांमध्ये काही काळ विनावेतन इंग्रजी शिकवावे आणि त्या निमित्ताने तेथील समाजात राहून पाहावे, अशी इच्छा व्यक्त करणारी बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे शिक्षण मातृभाषेतून झाले आणि इंग्रजी मी शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकलो. परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठी ज्यांची ती जन्मभाषा आहे अशाच लोकांना घेतात, असे ऐकतो. माझ्यासारख्याने अर्ज करावा का?

उत्तर : जरूर करावा. तुम्ही ऐकले त्यात थोडे तथ्य आहे. दक्षिण कोरिया परदेशी इंग्रजी शिक्षकांना जो व्हिसा देतो, तो मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. अमेरिकेची पीस कोअर ही संस्था तर केवळ अमेरिकी नागरिकांनाच पाठवते. पण या त्या त्या योजनांच्या अटी आहेत आणि शिकवण्याच्या कुवतीशी त्यांचा संबंध लावण्याचे कारण नाही. ज्याची भाषा जन्मजात तोच तिचा उत्तम शिक्षक, हा समज निराधार असल्याचे भाषाशिक्षणाचे अभ्यासक रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ मध्येच स्पष्टपणे मांडले. त्याच सुमारास हंगेरीचे पीटर मेद्येश यांनी असे दाखवून दिले की, जो शिक्षक स्वतः ती भाषा प्रयत्नपूर्वक शिकला आहे, त्याला विद्यार्थी कोठे अडणार हे आधीच कळते, शिकण्याच्या युक्त्या त्याला अनुभवाने ठाऊक असतात आणि ही भाषा शिकून येते याचा पुरावा म्हणून तो स्वतःच वर्गासमोर उभा असतो.

मात्र हा लाभ आपोआप पदरात पडत नाही. तुम्ही ज्या देशात जाणार आहात, तेथील मुलांच्या भाषेची जुजबी ओळख निघण्यापूर्वी करून घ्या. स्वाहिलीत पुरुष आणि स्त्री या दोघांसाठी एकच सर्वनाम असते, त्यामुळे टांझानियातील हुशार मुलगीही आपल्या आईविषयी लिहिताना पुल्लिंगी सर्वनाम वापरून जाते. थाई आणि व्हिएतनामी भाषांत क्रियापदाचे रूप काळानुसार बदलत नाही. अरबीत ‘प’ हा ध्वनी नाही आणि स्पॅनिश बोलणारे मूल ‘स्कूल’च्या आधी नकळत ‘ए’ लावते. हे माहीत असलेला शिक्षक चुकीवर रागावत नाही, कारण तिचा उगम त्याला दिसत असतो. स्वतःच्या उच्चारांकडेही असेच पाहा. इंग्रजीतील ज्या दोन वेगळ्या ध्वनींसाठी आपण एकच ‘व’ वापरतो, त्यांतील फरक आणि शब्दातील आघाताची जागा, या दोन गोष्टींवर जाण्यापूर्वी नेमाने मेहनत घेतलीत, तर वर्गात फार उपयोग होईल.

प्रश्न : शिकवण्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते का? आंतरजालावर एकशेवीस तासांचे अनेक अभ्यासक्रम दिसतात.

उत्तर : प्रत्येक ठिकाणी ते मागितले जात नाही, पण मागितले नाही तरी प्रशिक्षण घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटेसॉल हे या क्षेत्रात सर्वाधिक मान्यता असलेले दोन प्रारंभिक अभ्यासक्रम आहेत. १२० तासांचा आकडा तुम्हाला सर्वत्र दिसेल, परंतु सेल्टाचे खरे मोल त्यातील सहा तासांच्या प्रत्यक्ष अध्यापनात आहे. हे अध्यापन खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर करायचे असते, मार्गदर्शक मागे बसून ते पाहतात आणि नंतर त्यावर सविस्तर चर्चा होते. केवळ पडद्यावर वाचून आणि बहुपर्यायी प्रश्न सोडवून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात नेमका हाच भाग नसतो. मोठा अभ्यासक्रम परवडत नसेल, तर एखाद्या अनुभवी भाषाशिक्षकाचे तास त्यांच्या परवानगीने मागे बसून पाहावेत, त्यांच्या देखरेखीखाली काही तास शिकवावेत आणि त्यांची टीका लिहून घ्यावी. पीस कोअरचे स्वयंसेवक दोन वर्षांच्या सेवेपूर्वी साधारण तीन महिने प्रशिक्षण घेतात. ज्या कामासाठी इतकी तयारी करून घेतली जाते, ते विनावेतन आहे म्हणून कसेही केले तरी चालेल, असे मानणे मुलांवर अन्याय करणारे आहे.

प्रश्न : एका संस्थेने मला तीन आठवड्यांसाठी एका अनाथालयात इंग्रजी शिकवण्याची संधी देऊ केली आहे. त्यासाठी ती बरेच शुल्क मागते, अनुभवाची मात्र कोणतीच अट नाही. जावे का?

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही, तरीही माझे उत्तर नाही असेच आहे, आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगायला हवीत.

जगभरातील अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी पालक, हयात असतात. दारिद्र्यामुळे, शिक्षणाच्या आशेने किंवा कोणाच्या तरी भूलथापांमुळे ती तेथे आलेली असतात. नेपाळ आणि कंबोडिया या देशांत परदेशी पाहुण्यांच्या देणग्या आणि त्यांनी भरलेले शुल्क यांवर चालणाऱ्या संस्थांसाठी मुलांना कुटुंबांपासून दूर आणले गेल्याची प्रकरणे उघड झाली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मधील आपल्या अहवालात अशा प्रकारच्या तस्करीची आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात दखल घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेच्या कार्यक्रमांमुळे होणाऱ्या हानीकडे सदस्य राष्ट्रांचे लक्ष वेधले. म्हणजे ज्या मुलांना मदत करावी म्हणून आपण शुल्क भरतो, त्याच शुल्कामुळे आणखी मुले घरापासून तोडली जाण्याची शक्यता निर्माण होते.

संस्था प्रामाणिक असली, तरीही दुसरा प्रश्न उरतोच. ज्या मुलाचे जवळचे माणूस एकदा दुरावले आहे, त्याला दर तीन आठवड्यांनी नव्या पाहुण्याशी जवळीक साधायला लावायची आणि लगेच ती तोडायची, हे त्याच्या मनासाठी घातक आहे. मुले पहिल्याच दिवशी गळ्यात पडतात, तेव्हा आपल्याला भरून येते. परंतु अनोळखी माणसाशी अशी तत्काळ सलगी हे पुष्कळदा स्थिर आधार न मिळाल्याचे लक्षण असते. शिकण्याच्या दृष्टीनेही पाहा. दर तीन आठवड्यांनी शिक्षक बदलला, की प्रत्येक जण रंगांची नावे आणि एक ते शंभर आकडे यांपासूनच सुरुवात करतो, आणि मुले वर्षभर तेच गिरवत राहतात.

शुल्क मागणारी प्रत्येक संस्था वाईट असते, असे मात्र मी म्हणणार नाही. राहण्याची सोय, स्थानिक समन्वयक आणि प्रशिक्षण यांना खर्च येतोच. तुम्ही संस्थेला लेखी विचारावे की, शुल्कातील किती भाग शाळेकडे जातो, स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी केली जाते का, शाळेने इंग्रजीच्या शिक्षकाची मागणी स्वतःहून केली आहे का, माझ्याआधी कोण होते, त्यांनी काय शिकवले याची नोंद आहे का आणि माझ्यामुळे एखाद्या स्थानिक शिक्षकाची जागा तर जात नाही ना. जी संस्था मुलांमध्ये वावरणाऱ्या माणसाची पडताळणीही करत नाही, तिच्याकडे पुढचे काही विचारण्याची गरज नाही. तुमच्याजवळ तीनच आठवडे असतील, तर मुलांचा वर्ग घेण्याऐवजी स्थानिक शिक्षकांच्या संभाषणाच्या सरावाला मदत होईल, असे काम शोधा. शिक्षक तेथेच राहणार असल्यामुळे त्या तीन आठवड्यांचे फळ पुढेही टिकते.

प्रश्न : पगार घेणार नाही, मग पर्यटक व्हिसावर जाऊन शिकवले तर काय हरकत आहे?

उत्तर : कायद्याची हरकत आहे. विनावेतन काम हेही काम, अशी अनेक देशांची भूमिका असते. थायलंडमध्ये स्वयंसेवेसाठीही कामाचा परवाना लागतो आणि नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही. असे केल्यास दंड, हद्दपारी आणि पुढील प्रवेशबंदी यांना सामोरे जावे लागू शकते, शिवाय ज्या शाळेने तुम्हाला बोलावले तीही अडचणीत येते. ‘सगळे असेच जातात’ हे मध्यस्थाचे उत्तर ग्राह्य धरू नका. संबंधित देशाच्या दूतावासाकडून लेखी खुलासा घ्या.

प्रश्न : साठ मुलांचा वर्ग, पुस्तके अपुरी, आणि मला त्यांची भाषा येत नाही. अशा वर्गात पहिल्या दिवशी काय करावे?

उत्तर : हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला, कारण आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत प्रवासाची आणि राहण्याची चौकशी आहे, वर्गाची फारच थोड्यांत.

नवशिक्या मुलांसाठी सुरुवात आज्ञांपासून करा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत शिक्षक एक आज्ञा उच्चारतो आणि स्वतः ती कृती करून दाखवतो. मुले आधी नुसती ऐकतात व तशी कृती करतात, बोलण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. उभे राहा, दाराकडे चला, वही उघडा, निळ्या रंगाला हात लावा, एवढ्या सामग्रीवर पूर्ण तास रंगतो, भाषांतर लागत नाही आणि मागच्या बाकावरचे लाजरे मूलही त्यात सामील होते. काही दिवसांनी आज्ञा देण्याचे काम मुलांकडे सोपवा.

थोडे वाचता येणाऱ्या वर्गासाठी धावते श्रुतलेखन हा प्रकार मला अतिशय उपयुक्त वाटतो. चार-पाच वाक्यांचा उतारा कागदावर लिहून भिंतीवर लावायचा, मुलांच्या जोड्या करायच्या. एकाने भिंतीपाशी जाऊन वाक्य वाचून लक्षात ठेवायचे, परत येऊन जोडीदाराला सांगायचे आणि जोडीदाराने ते लिहायचे. अर्ध्यावर भूमिका बदलायच्या. वाचणे, लक्षात ठेवणे, बोलणे, ऐकणे आणि लिहिणे हे सारे एका कागदात साधते. वर्ग दाटीवाटीचा असेल, तर जोडीतील दोघांना थोडा फरक असलेली दोन चित्रे द्यावीत आणि एकमेकांचे चित्र न पाहता, केवळ प्रश्न विचारून तो फरक शोधायला सांगावे. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकच बोलत राहिला, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला तासातून अर्धे मिनिटही बोलणे येत नाही. जोड्यांमध्ये तीस मुले एकाच वेळी बोलतात. गोंगाट होणारच, म्हणून शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आधी कल्पना द्यावी.

मुलांच्या मातृभाषेला वर्गातून हद्दपार करू नका. एखादी संकल्पना त्यांच्या भाषेतील एका वाक्याने स्पष्ट होत असेल, तर ते वाक्य स्थानिक शिक्षकांनी सांगावे आणि तुम्ही पुढे सराव घ्यावा. शक्य असेल तेथे असे दोघांनी मिळूनच शिकवावे, कारण कोणते मूल ऐकण्यात कमी आहे, कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे, कोणता धडा परीक्षेला येणार आहे, हे सारे त्यांना ठाऊक असते. परीक्षेवरून आठवले म्हणून सांगतो की, जाण्यापूर्वी तेथील अभ्यासक्रम मागवून घ्या. रवांडाने २००८ मध्ये शिक्षणाचे माध्यम फ्रेंचऐवजी इंग्रजी करण्याचा निर्णय घेतला. अशा देशात मुलांना इंग्रजी हवे असते ते गणित आणि विज्ञान समजण्यासाठी, आणि तेथे गाणी व खेळ यांतच तास घालवणारा पाहुणा शिक्षक त्यांची खरी गरज भागवत नाही.

आणखी एक सूचना. ‘समजले का?’ असा प्रश्न विचारून त्याच्या होकारावर विसंबू नका. पुष्कळ समाजांत शिक्षकाला ‘समजले नाही’ म्हणणे म्हणजे त्याच्या शिकवण्यात उणीव काढणे मानले जाते. बल्गेरियात तर मान आडवी हलवणे हा होकार असतो. त्यापेक्षा मुलांना काही करायला द्या. समजले की नाही, ते त्या कृतीत दिसेल.

प्रश्न : माझी बहीण सध्या परदेशातील एका गावात शिकवत आहे. पहिला महिना ती अतिशय आनंदात होती. आता तिला सगळ्याचा त्रास होतो, ती फोनवर रडते, स्थानिक लोकांविषयी कडवट बोलते. तिने परत यावे का?

उत्तर : तिच्या सुरक्षिततेला किंवा प्रकृतीला धोका नसेल, तर घाई करू नये. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये रिओ द जानेरो येथील व्याख्यानात या अवस्थेचे वर्णन केले होते. नव्या समाजात उठण्याबसण्याच्या, बोलण्याच्या, वेळ पाळण्याच्या परिचित खुणा एकाएकी नाहीशा झाल्याने मनावर जो ताण येतो, त्याला त्यांनी सांस्कृतिक धक्का म्हटले. आरंभीच्या नवलाईनंतर चीड, मग हळूहळू जुळवून घेणे आणि शेवटी सहजता, असा त्याचा क्रम त्यांनी सांगितला. त्यांनी नोंदवलेली लक्षणे आजही तंतोतंत लागू पडतात : पिण्याच्या पाण्याची आणि अंथरुणाची अतोनात काळजी, वारंवार हात धुणे, किरकोळ विलंबावरून संताप, फक्त आपल्याच देशाच्या माणसांत बसण्याची ओढ आणि स्थानिक भाषा शिकण्याची टाळाटाळ.

या शेवटच्या लक्षणातच उपायही आहे. तिला रोज थोडा वेळ तेथील भाषा शिकायला सांगा, आणि ती पुस्तकातून शिकण्याऐवजी शेजारच्या एखाद्या आजींकडून किंवा सहशिक्षिकेकडून शिकावी. शिकवायला गेलेला माणूस स्वतः विद्यार्थी होतो, अडखळतो आणि लोक त्याला प्रेमाने दुरुस्त करतात, तेव्हा नाते बरोबरीचे होते. तोपर्यंत तो गावासाठी पाहुणा असतो आणि गाव त्याच्यासाठी देखावा. संस्कृतीचा अनुभव घेण्याच्या गोष्टी आपण सहज बोलतो, परंतु सण आणि नृत्ये पाहून येणारा अनुभव वरवरचा असतो. दुसऱ्याच्या नियमांनी जगावे लागते, आपली सवय चुकीची ठरते आणि तरीही तेथे राहावेसे वाटते, तेव्हा तो खोलवर जातो. घानामध्ये डाव्या हाताने वही परत करणे अनादराचे ठरते. थायलंडमध्ये मुलाच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवणेही योग्य मानले जात नाही, कारण मस्तक हा शरीराचा पवित्र भाग समजला जातो. असे संकेत आधी वाचून ठेवावेत, आणि जे वाचून कळत नाही ते विचारावे. आदराने विचारलेल्या प्रश्नाचा सहसा कोणाला राग येत नाही.

बहिणीच्या कडवट बोलण्यावर वाद घालू नका आणि त्याला दुजोराही देऊ नका. तिची झोप उडाली असेल, ती जेवत नसेल किंवा वर्गावर जाणेच टाळत असेल, तर मात्र समन्वयकाला कळवून वैद्यकीय मदत घ्यावी. अशा वेळी परतण्यात कसलाही कमीपणा नाही.

प्रश्न : वर्गातील मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्यास काही आडकाठी असते का?

उत्तर : शाळेची आणि पालकांची परवानगी नसेल तर टाकू नयेत, आणि परवानगी असली तरी मुलांची नावे, शाळेचे ठिकाण आणि त्यांच्या हलाखीचे वर्णन टाळावे. या संदर्भात ऑक्टोबर १९६१ मधील एक घटना सांगण्यासारखी आहे. नायजेरियातील इबादान येथे प्रशिक्षण घेत असलेल्या पीस कोअरच्या एका तरुण स्वयंसेविकेने तेथील राहणीमान मागासलेले असल्याचे वर्णन एका पोस्टकार्डावर आपल्या मित्रासाठी लिहिले. ते कार्ड टपालात पडण्यापूर्वीच हरवले, विद्यार्थ्यांच्या हाती लागले, त्याच्या प्रती वाटल्या गेल्या आणि विद्यापीठात निषेध सुरू झाला. अखेर तिला मायदेशी परतावे लागले. तिच्या मनात तिरस्कार नव्हता; आपले लिखाण ज्यांच्याविषयी आहे तेच ते वाचतील, हा विचार तिच्या मनात आला नव्हता, एवढेच. आज तुम्ही लिहिलेले त्याच संध्याकाळी तुमच्या विद्यार्थ्यांचे पालक वाचू शकतात. त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवता येईल तेवढेच लिहा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. हे काम तरुणांचेच आहे का?

उत्तर : मुळीच नाही. ब्रिटनमधील व्हीएसओ ही संस्था १९५८ मध्ये शाळा संपवलेल्या मुलांना पाठवण्यापासून सुरू झाली खरी, पण पुढे तिने अनुभवी व्यावसायिकांवर भर दिला, कारण यजमान देशांची मागणी तशीच होती. तुमच्यासारख्यांनी मुलांच्या वर्गापेक्षा शिक्षक-प्रशिक्षणाचे काम मागून घ्यावे. तेथे तुमच्या वर्षानुवर्षांच्या अनुभवाला खरा वाव मिळेल. वैद्यकीय तपासणी आणि विमा यांची पूर्तता मात्र काटेकोरपणे करा. ज्या देशांत पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, तेथे ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते, म्हणून ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. वाढत्या वयात ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे विशेष आवश्यक आहे.

प्रश्न : दोन महिन्यांनी माझा कार्यकाळ संपतो आहे. मुलांना केव्हा आणि कसे सांगावे? त्यांनी संपर्क ठेवायचा आग्रह धरला तर काय करावे?

उत्तर : आत्ताच सांगा, आणि निघण्याची तारीख वर्गातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. अचानक नाहीसा झालेला शिक्षक मुलांना अधिक दुखावतो. उरलेल्या दोन महिन्यांत हळूहळू वर्गाची सूत्रे सहशिक्षकांच्या हाती द्या : आधी तुम्ही शिकवाल आणि ते पाहतील, मग दोघे मिळून शिकवाल, आणि शेवटचे काही तास तुम्ही मागे बसाल. कोणत्या इयत्तेत काय शिकवून झाले, कोणता खेळ चालला, कोणता फसला, कोणत्या मुलाला कशात मदत लागते, याची एक सविस्तर वही शाळेला द्या. तुमच्यानंतर येणाऱ्या स्वयंसेवकाने पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नये यासाठी त्या वहीचा उपयोग होईल. मुलांना वैयक्तिक दूरध्वनी क्रमांक देऊ नका किंवा त्यांच्याशी समाजमाध्यमांवरून खाजगी संवाद ठेवू नका. पत्रे शाळेच्या पत्त्यावर आणि पूर्ण वर्गाला उद्देशून लिहा, आणि जितकी लिहिणे तुम्हाला खरोखर जमेल तितक्याच पत्रांचे आश्वासन द्या.